प्रागैतिहासिक चित्रे, शिल्पे आणि वास्तू कशा पाहाव्यात?

गुहेच्या भिंतीवरील बैल किंवा माळावर उभ्या केलेल्या शिळांचे वर्तुळ प्रथमच पाहणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच प्रश्न निघतो : याचा अर्थ काय? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो सर्वांत आधी विचारला, की कोणीतरी तयार उत्तर पुढे करतो, विचारणाऱ्याचे समाधान होते आणि पाहणे तेथेच संपते. लेखनकला अवगत होण्यापूर्वीच्या माणसांनी आपल्या मनात काय होते हे कोठेही लिहून ठेवलेले नाही. मात्र त्यांनी कोणता पृष्ठभाग निवडला, कोणता रंग किंवा कोणते हत्यार वापरले, उभे राहून, बसून की आडवे होऊन काम केले, आधी काय काढले आणि त्यावर नंतर काय काढले, या गोष्टींच्या खुणा त्यांच्या कृतींवर आजही शाबूत आहेत. म्हणून पुढील विवेचनाचा आग्रह एकच आहे : ‘कोठे’ आणि ‘कसे’ यांची उत्तरे हाती आल्याखेरीज ‘का’ या प्रश्नाकडे वळू नये.

ही पद्धत प्रत्यक्ष स्थळाला भेट देणाऱ्यासाठी सांगितली आहे, पण संग्रहालयातील प्रतिकृती किंवा चांगली छायाचित्रे पाहतानाही ती उपयोगी पडते. सोबत वही, पेन्सिल, मोजपट्टी, होकायंत्र, भिंग आणि छोटी एलईडी विजेरी एवढे साहित्य पुरेसे होते.

आधी जागा, मग चित्र

स्थळी पोहोचल्यावर थेट चित्रापाशी जाऊ नये. काही अंतरावर थांबून प्रथम जागेची नोंद करावी. तो उघडा शैलाश्रय (पुढे आलेल्या खडकाच्या छपराखालील आडोसा) आहे की खोल गुहा, दिवसाचा उजेड आत कोठपर्यंत पोहोचतो, जवळ पाणी आहे का, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि चित्रासमोर एका वेळी किती माणसे उभी राहू शकतील, एवढ्या गोष्टी लिहून घ्याव्यात. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रयांचा शोध विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली लावला आणि २००३ साली त्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हे शैलाश्रय बहुतांशी उजेडाचे आहेत. तेथे माणसे राहत होती, दगडी हत्यारे घडवीत होती आणि त्याच छपराखाली चित्रेही काढीत होती. फ्रान्समधील लास्को आणि शोवे या गुहांतील चित्रे मात्र काळोखात आहेत. तेथे जाणाऱ्याला उजेड बरोबर न्यावा लागे. लास्कोत वालुकाश्मात घडवलेला, मूठ असलेला एक दिवा सापडला आहे. अशा दिव्यांत प्राण्यांची चरबी जळत असे. रोजच्या वावरात येता-जाता दिसणारे चित्र आणि मुद्दाम दिवा घेऊन जाऊन पाहावे लागणारे चित्र यांचा प्रेक्षक सारखा नसतो, आणि हा भेद कोणत्याही अर्थनिर्णयापूर्वीच जागेवरून हाती येतो.

काळोखातील चित्र विजेच्या स्थिर, प्रखर प्रकाशात पाहिले तर ते सपाट भासते. परवानगी असेल तेथे विजेरी एका बाजूने, भिंतीपासून अंतर राखून, सावकाश फिरवावी. भिंतीचे उंचवटे सावल्या टाकू लागतात, त्या सावल्या सरकतात आणि त्यांच्याबरोबर प्राण्याचे खांदे, पोट, मान हलल्यासारखी वाटतात. चरबीच्या दिव्याची ज्योत कधीच स्थिर नसते, हे ध्यानात ठेवले म्हणजे चित्रकारालाही ते असेच हलते दिसत असले पाहिजे हे उमगते.

पाहणाऱ्याच्या शरीराची स्थितीही नोंदवावी. स्पेनमधील आल्तामिरा गुहेत १८७९ साली मार्सेलिनो सान्स दे साउतुओला हे जमिनीत पुरावशेष शोधत होते, त्यांची नजर खाली होती. छतावरील गवे प्रथम दिसले ते त्यांच्या लहान मुलीला, मारियाला, कारण तिने वर पाहिले. तेव्हा ते छत इतके ठेंगणे होते, की पुढे पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी जमीनच खोल करावी लागली. आज ताठ उभे राहून जे एकसंध दृश्य म्हणून दिसते ते काढणाऱ्याला बहुधा हातभर अंतरावरून, तुकड्यातुकड्याने दिसत होते. लास्कोत याच्या उलट स्थिती आहे. तेथील एका दालनाच्या भिंतीत, माणसाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर चित्रे काढता यावीत म्हणून, लाकडी माची बसवण्यासाठी केलेल्या खाचा आढळल्या आहेत. म्हणजे चित्र काढण्यापूर्वी लाकूडतोड, जुळवाजुळव आणि मदतनीस हे सारे लागले होते.

कोकणातील कातळशिल्पांच्या बाबतीत तर दृष्टिकोनाचा प्रश्न फारच महत्त्वाचा ठरतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, या आकृती आडव्या पृष्ठभागावर कोरलेल्या आहेत. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. तिच्या कडेला उभे राहिले, तर संपूर्ण हत्ती एका नजरेत मावत नाही. तो चालत चालत, रेषेच्या कडेकडेने जाऊनच समजतो. ड्रोनने वरून घेतलेले छायाचित्र अभ्यासाला फार उपयुक्त आहे, परंतु ते दृश्य कोरणाऱ्याला कधीही मिळाले नव्हते. म्हणून छायाचित्र पाहण्यापूर्वी आकृतीभोवती एक फेरी मारावी आणि कोठून कोणता भाग ओळखू येतो हे वहीत उतरवून घ्यावे.

दगड, रंग आणि हात

जागेनंतर पृष्ठभागाकडे वळावे. कोरी, सपाट भिंत उपलब्ध असतानाही चित्रकाराने खडबडीत जागा निवडली असेल, तर त्याला कारण असते. आल्तामिराच्या छतावरील कित्येक गव्यांची शरीरे खडकाच्या नैसर्गिक फुगवट्यांवर बेतलेली आहेत. शोवे गुहेत काही ठिकाणी आधी भिंतीचा वरचा मऊ थर खरवडून पांढरा, स्वच्छ पृष्ठभाग तयार केला आणि मग कोळशाने रेखाटन केले. भिंतीच्या ज्या भागावर काहीच नाही तो भागही पाहावा; रिकामी जागा निवडीबद्दल बरेच सांगते.

या संदर्भात फ्रान्समधीलच पेश-मेर्ल गुहेतील ठिपकेदार घोड्यांचे चित्र थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. ते सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे आहे. दोन घोडे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत आणि त्यांचे मागचे भाग एकमेकांवर आले आहेत. उजवीकडच्या घोड्याच्या पुढे खडकाची कडाच घोड्याच्या मस्तकाच्या आकाराची आहे. चित्रकाराने रंगवलेले मस्तक मात्र त्या कडेच्या आत, फारच लहान आणि बारीक काढले आहे. घोड्यांच्या अंगावर आणि अंगाबाहेरही काळे ठिपके आहेत, आणि भोवती हातांचे छाप आहेत. आता ठिपक्यांच्या कडा पाहाव्यात. त्या बोटाने टेकवल्यासारख्या ठसठशीत नसून किंचित पसरट, धुरकट आहेत. पाठीची रेषा बाहेरच्या बाजूला तीक्ष्ण आणि आतल्या बाजूला विरळ होत गेलेली दिसते. कडांचे हे दोन प्रकार पाहून मिशेल लोर्ब्लांशे या पुरातत्त्वज्ञाने असा तर्क केला, की रंग कुंचल्याने लावलेला नसून तोंडात धरून भिंतीवर फुंकलेला आहे, आणि हात आडवा धरून रेषेची एक कड ठळक केलेली आहे. त्यांनी स्वतः दुसऱ्या गुहेच्या भिंतीवर तोंडाने रंग फुंकून हे चित्र पुन्हा काढून पाहिले. त्यास सुमारे ३२ तास लागले. असा प्रयोग ‘हे असेच झाले’ हे सिद्ध करीत नाही, पण ‘हे असे होऊ शकते आणि त्यास एवढे श्रम पडतात’ हे निश्चितपणे दाखवतो.

हातांच्या छापांतही भेद करावा. तळहाताला रंग लावून तो दगडावर दाबला असेल, तर हात रंगीत आणि भोवतालचा दगड कोरा दिसतो. हात दगडावर ठेवून भोवती रंग फुंकला असेल, तर हात कोरा आणि भोवती रंगाचे वलय दिसते. अर्जेंटिनातील ‘हातांची गुहा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थळी बहुसंख्य छाप डाव्या हाताचे आहेत. डावा हात भिंतीवर आणि रंग फुंकण्याची नळी उजव्या हातात, अशी साधी, शरीराशी निगडित उकल त्यातून पुढे येते. एखादे बोट तोकडे दिसले, की ते तुटलेले होते असे लगेच लिहू नये, कारण बोट दुमडूनही तसाच छाप उमटतो.

रंगांविषयी थोडी माहिती आधीच असावी. लाल आणि पिवळा रंग लोहाच्या खनिजांपासून, म्हणजे गेरूच्या कुळातील मातीपासून मिळतो, आणि पिवळी माती तापवली असता ती लाल होते. काळा रंग कोळशाचा किंवा मँगनीजच्या खनिजाचा असतो. पांढरा रंग बहुधा पांढऱ्या चिकणमातीपासून किंवा चुनखडीपासून केलेला असतो. रंग तयार करण्याची विद्या चित्रांहून फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले, ज्यांत गेरूची पूड, कोळसा आणि हाडांचा चुरा यांचे मिश्रण कालवलेले होते, आणि शेजारी ती पूड करण्याचे दगडही होते.

कोरीव काम पाहण्यासाठी उजेडाची वेळ साधावी लागते. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, सड्यावरील उथळ कोरीव रेषा जवळजवळ नाहीशा होतात; सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वी तिरपा प्रकाश पडला, की त्याच रेषा सावलीने भरून उठून दिसतात. आकाश भरून आलेले असेल तर विजेरी जमिनीलगत धरून तिरपा प्रकाश टाकावा. मग गुडघे टेकून, भिंगातून, एकाच रेषेचा हातभर तुकडा पाहावा. रेषा टोचा मारून केली असेल तर तिच्या तळाशी एकमेकांना लागून असलेले खळगे दिसतात. घासून केली असेल तर तळ गुळगुळीत असतो. आधी टोचून मग घासली असेल तर कडेला काही खळगे उरलेले असतात. रेषेच्या आतील दगडाचा रंग आजूबाजूच्या दगडासारखाच काळवंडलेला असेल तर काम जुने असण्याची शक्यता वाढते, आणि आत ताजा, उजळ दगड दिसत असेल तर कोणीतरी अलीकडे ती रेषा पुन्हा उकरली असावी. ही दुसरी शक्यता दुर्दैवाने विरळ नाही.

आधीचे कोणते, नंतरचे कोणते

एका भिंतीवर दिसणारी सारी चित्रे एका वेळची असतात, हा समज सर्वाधिक घोटाळा करतो. भीमबेटक्यात ज्या खडकाला पाहणारे ‘प्राणिसंग्रहालय’ म्हणून ओळखतात, तेथे हरणे, गवे आणि इतर पशू दाटीवाटीने काढलेले आहेत, आणि त्याच स्थळी घोड्यांवर स्वार झालेले शस्त्रधारी योद्धेही दिसतात. शिकारीवर जगणाऱ्या मध्याश्मयुगीन माणसाने आणि घोडेस्वारांच्या ऐतिहासिक काळातील माणसाने तोच खडक वापरला, त्यामुळे ‘भीमबेटक्याची चित्रे अमुक हजार वर्षांपूर्वीची’ असे एकच वाक्य लिहिणे चूक आहे.

क्रम ठरवण्यासाठी जेथे दोन आकृती एकमेकींना छेदतात ती जागा शोधावी. ज्या रेषेची कड छेदाच्या जागी अखंड जाते ती वरची, म्हणजे नंतरची. नुसत्या नजरेने मात्र येथे फसगत होते, कारण खालचा गडद लाल रंग वरच्या पातळ पांढऱ्या रंगातून डोकावतो आणि तोच वर असल्याचा भास होतो. म्हणून भिंगाने कडा तपासाव्यात आणि शंका असेल तर तसे स्पष्ट लिहावे. कधी क्रम लावायला प्राणीच मदत करतात. शोवे गुहेत काही ठिकाणी अस्वलांच्या नख्यांचे ओरखडे चित्रांखाली आहेत आणि काही ठिकाणी चित्रांवर, म्हणजे माणूस आणि अस्वल आळीपाळीने तेथे येत होते. वहीत प्रत्येक आकृतीला क्रमांक द्यावा आणि ‘३ ही ५ च्या खाली’ अशा छोट्या नोंदी करीत जावे. दहा-बारा नोंदी झाल्या, की भिंतीचा इतिहास आपोआप उलगडू लागतो.

नोंद कशी ठेवावी आणि काय टाळावे

छायाचित्र काढण्यापूर्वी रेखाटन करावे. कॅमेरा सर्व काही एकाच वेळी टिपतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही निवडावे लागत नाही. पेन्सिलीने काढताना मात्र शिंग कानाच्या पुढे आहे की मागे, खूर दाखवले आहेत की नाहीत, पाय दोन आहेत की चार, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. रेखाटन सुंदर होण्याची मुळीच गरज नाही. त्यानंतर संपूर्ण भिंत, मग गट, मग एकेक आकृती अशी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकात सेंटीमीटरची पट्टी चित्रालगत, पण दगडाला न टेकवता, धरावी. जमिनीपासूनची उंची, आकृतीची लांबी-रुंदी, दिशा, तारीख आणि वेळ ही माहिती त्याच वेळी लिहावी. घरी गेल्यावर आठवणीने लिहिलेली मापे विश्वासार्ह नसतात. फिकट झालेल्या रंगांसाठी जॉन हारमन यांनी तयार केलेली ‘डी-स्ट्रेच’ ही संगणकप्रणाली फार मोलाची आहे; ती छायाचित्रातील रंगांमधला फरक ताणून वाढवते आणि डोळ्यांना न दिसणारी आकृतीही कधीकधी समोर आणते. मात्र तिने दाखवलेले रंग खरे नसतात, म्हणून मूळ छायाचित्र नेहमी सोबत जपून ठेवावे.

काही गोष्टी कोणत्याही कारणासाठी करू नयेत. चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर पाणी शिंपडू नये. पाण्याने क्षार विरघळतात आणि सुकताना चित्रावर पांढरट पापुद्रा धरतात. कोरीव रेषांत खडू भरू नये. त्याने रेषेचा तळ बिघडतो, शिवाय खडू भरणारा आपल्या समजुतीप्रमाणे आकृती ‘पूर्ण’ करतो आणि पुढच्या प्रत्येक पाहणाऱ्याला तीच चुकीची आकृती दिसते. कागद ठेवून घासू नये, प्लॅस्टिक लावून गिरवू नये, बोटाने रेषा दाखवू नये. नुसत्या उपस्थितीनेही हानी होते, हे लास्कोने शिकवले. सप्टेंबर १९४० मध्ये चार मुलांना ती गुहा सापडली. युद्धानंतर ती खुली झाली. आणि प्रेक्षकांच्या श्वासातील बाष्प आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांमुळे भिंतींवर शेवाळ आणि क्षारांचा थर वाढू लागल्याने १९६३ साली ती जनतेसाठी बंद करावी लागली. सुमारे १७ हजार वर्षे टिकलेली चित्रे १५ वर्षांच्या गर्दीने धोक्यात आली. १९९४ साली सापडलेली शोवे गुहा म्हणूनच सर्वसामान्यांसाठी कधी उघडलीच नाही. प्रतिकृती पाहावी लागते याचे वाईट वाटून घेऊ नये; मूळ चित्र जिवंत राहण्याची ती किंमत आहे आणि ती रास्त आहे. त्याच कारणाने, एखादे असुरक्षित स्थळ आपल्याला आढळले, तर त्याचे नेमके अक्षांश-रेखांश सर्वत्र जाहीर न करता ते पुरातत्त्व खात्याला कळवावे.

वास्तू : सांधे, खळगे आणि डागडुजी

वास्तूकडे पाहताना भव्यतेने भारावून जाण्याआधी दोन दगड जेथे भेटतात ती जागा पाहावी. इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या उभ्या शिळांच्या माथ्यावर कुसू, म्हणजे वर आलेले खुंट, कोरलेले आहेत आणि आडव्या शिळांच्या खालच्या अंगाला त्यांत बसणाऱ्या खाचा आहेत. शिवाय बाहेरच्या वर्तुळातील आडव्या शिळा एकमेकींशी उंचवटा आणि खोबण यांनी जोडलेल्या आहेत. ही सुताराची रीत आहे. दगडाला तिची फारशी गरज नव्हती, कारण एवढी वजनदार शिळा स्वतःच्या भारानेच जागेवर राहते. म्हणजे इ.स.पू. २५०० च्या सुमारास या शिळा उभारणाऱ्यांचा हात आधी लाकडावर बसलेला होता, आणि नाहीशी झालेली लाकडी वास्तुकला या सांध्यांतून आपल्याला अप्रत्यक्षपणे दिसते. दगड कोठून आणला हाही प्रश्न विचारावा. येथील लहान ‘निळे दगड’ वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून, २०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून आले, आणि मधोमध आडवी असलेली ‘वेदीशिळा’ स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तुर्कस्तानातील ग्योबेक्ली टेपे हे स्थळ याहून कितीतरी जुने, इ.स.पू. ९५०० च्या आसपास सुरू झालेले. पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून तेथे उत्खनन केले. तेथील ‘टी’ आकाराचे चुनखडीचे खांब साडेपाच मीटरपर्यंत उंच आहेत. समोरून पाहिले तर ते नुसते खांब वाटतात. बाजूने पाहिले, की कोपरात वाकलेले हात आणि पोटावर टेकलेली बोटे दिसतात, कमरेला पट्टा दिसतो, आणि मग वरचा आडवा भाग मस्तक असल्याचे लक्षात येते. म्हणून प्रत्येक उभ्या शिळेभोवती पूर्ण फिरावे. जवळच्या खाणीत अर्धवट सोडलेला एक प्रचंड खांब अद्याप मूळ खडकाला चिकटलेला आहे; खांब कसे काढले जात हे समजण्यासाठी तो उभ्या असलेल्या खांबांपेक्षा अधिक उपयोगी आहे. अपुरे राहिलेले काम कोठेही दिसले तर त्यासमोर जास्त वेळ थांबावे.

सर्व वास्तू दगडाच्या नसतात. लाकूड कुजते, पण खांब रोवलेला खळगा मातीत गडद डागाच्या रूपाने उरतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरले जात त्या काळातील) घरे उजेडात आली, ती अशा खळग्यांवरून, चोपलेल्या जमिनीवरून आणि चुलींवरून. चौकोनी घरे कोणत्या थरात आहेत आणि गोल झोपड्या कोणत्या थरात, हे पाहिले की वस्तीचे बदललेले दिवस नकाशातूनच वाचता येतात. उत्खननाचा नकाशा पाहताना खळग्यांच्या रांगा पेन्सिलीने जोडून पाहाव्यात. दार कोठे असेल, छपराचा भार कोठे आला असेल, हे कागदावर सुचू लागते. स्थानिक साहित्याचा विचार नेहमी करावा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर लाकूड दुर्मीळ आणि सहज फुटणाऱ्या सपाट फरश्या मुबलक, म्हणून तेथील स्कारा ब्रे या वस्तीत पलंग आणि फडताळेही दगडाची झाली आणि त्यामुळेच ती टिकली. युक्रेनमधील मेझिरिच येथे हिमयुगातील माणसांनी निवारा उभारला तो मॅमथच्या, म्हणजे हत्तीसारख्या नामशेष झालेल्या केसाळ प्राण्याच्या, हाडांचा.

आणखी एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. जे उभे दिसते त्यातील किती जुने आणि किती पुन्हा बांधलेले, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आयर्लंडमधील न्यूग्रेंज हे थडगे इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे असून, डिसेंबरात वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या पहाटे सूर्याचा किरण दाराच्या वरच्या झरोक्यातून सुमारे १९ मीटर लांबीच्या मार्गिकेतून आतल्या कक्षापर्यंत पोहोचतो. तेथे उत्खनन करणारे मायकेल ओकेली यांनी डिसेंबर १९६७ मध्ये तो स्वतः आत बसून पाहिला. कक्षावरील दगडी छप्पर मूळचे आहे. समोरची चमकदार पांढरी भिंत मात्र तेथे सापडलेल्या गारगोट्या विसाव्या शतकात रचून, मागे काँक्रीटचा आधार देऊन उभारलेली आहे, आणि ती मुळात तशी होती का याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

काळाचा आकडा कसा वाचावा

माहितीफलकावरील वर्षांचा आकडा पाहिला, की तो कशाचा काळ आहे हे प्रथम विचारावे. किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने कोळशाचा काळ काढता येतो, पण तो लाकूड जिवंत असणे थांबल्याचा काळ असतो, रेषा ओढल्याचा नव्हे. शिवाय ही पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. गेरूत स्वतःचा सेंद्रिय कार्बन नसल्यामुळे निव्वळ गेरूच्या चित्राला ती लागू होत नाही. लास्कोतील काळा रंग बहुतांशी मँगनीजचा असल्याने तेथेही तीच अडचण आली. चित्रावर चुनखडीचा पापुद्रा धरला असेल, तर युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून त्या पापुद्र्याचे वय मिळते, आणि चित्र त्याहून जुने असले पाहिजे एवढेच त्यावरून ठरते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेतील रानडुकराच्या चित्राला २०२४ साली दिलेला ५१,२०० वर्षांचा आकडा अशा प्रकारचा, म्हणजे ‘किमान इतके’ सांगणारा आहे. ‘आजपूर्वी’ असे लिहिले असेल, तर त्यातील ‘आज’ म्हणजे १९५० हे साल, हेही लक्षात ठेवावे. कोकणातील कातळशिल्पांसारख्या उघड्या दगडावरील रेषांना थेट काळ लावण्याची खात्रीची पद्धत नाही. तेथे परिसरातील हत्यारे आणि कोरलेले प्राणी यांच्या आधारे सावधपणे अनुमान करावे लागते.

शेवटी अर्थ

इथवर आल्यावर ‘का’ हा प्रश्न विचारण्यास हरकत नाही, कारण आता प्रत्येक उत्तर तपासून घेण्यास हाताशी पुरावा असतो. शिकार साधावी म्हणून प्राण्यांची चित्रे काढली, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रचलित होते. लास्कोत सापडलेली खाल्लेल्या प्राण्यांची हाडे बहुतेक सगळी रेनडियरची आहेत, आणि भिंतीवरील शेकडो प्राण्यांत रेनडियर मानता येईल अशी आकृती एखादीच. जे खाल्ले ते काढले नाही, आणि घोडे व रानबैल मात्र पुन्हा पुन्हा काढले. एवढ्या एका तुलनेने ते स्पष्टीकरण निदान त्या गुहेपुरते डळमळीत होते. असाच वस्तुनिष्ठ आधार इनामगावच्या एका घरात मिळाला. तेथे झाकणाच्या मातीच्या पात्रात मस्तक नसलेली, कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती होती आणि सोबत बैल. मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे होती, काडी घालून तिला बैलावर बसवता येत असे. ‘मातृदेवता’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी हे सारे लिहावे : ती घराच्या जमिनीखाली पुरलेली होती, झाकलेली होती, जोडता-सोडवता येत होती आणि भाजलेली नव्हती. नाव पुढे बदलेल, ही निरीक्षणे बदलणार नाहीत.

म्हणून वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेषा ओढावी. डावीकडे दिसते ते आणि उजवीकडे वाटते ते लिहावे. रत्नागिरी जिल्ह्यातील बारसूच्या सड्यावरील प्रसिद्ध कातळशिल्पासमोर बसलो, तर डावीकडे येईल : ‘मध्ये उभी मानवाकृती, दोन्ही बाजूंना तिच्याकडे तोंड केलेले एकेक चतुष्पाद, कान लहान, शेपट्या लांब’. उजवीकडे येईल : ‘बहुधा वाघ’. त्याखाली, आणखी अंतर सोडून, ‘मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील दोन वाघ धरणाऱ्या माणसाशी रचना मिळतीजुळती, संबंध सिद्ध नाही’. आणि त्यानंतर पेन्सिल खाली ठेवून, उन्हे कलेपर्यंत थांबून, त्याच शिल्पाकडे दुसऱ्या बाजूच्या उजेडात पुन्हा एकदा पाहावे, कारण डावीकडच्या रकान्यात आणखी दोन-तीन ओळींची भर हमखास पडते.